बाबांची कात्री

दुकानाची पाटी तिनं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा अक्षरं जागची हलली आणि तिला कळलं, हे स्वप्न आहे. पुस्तकात वाचलेली खूण अखेर कामी आली. शिंपीकाम करणारे तिचे बाबा गेल्यापासून ती याचीच वाट पाहत होती: स्वप्नात जागं राहायचं आणि ते जसे होते तसे डोळे भरून पाहून घ्यायचे.

घाई न करता ती आत शिरली. इस्त्रीखालच्या ओलसर कापडाचा वास आला. टेबलाची कड बोटांना लागली, तिथला टवकासुद्धा. पायाखाली चिंध्या. बाबा ओठांत टाचण्या धरून कापडावर वाकले होते. कात्री करकर चालत होती.

"ढमे, नीट उभी राहा. खांदा पाडतेस," ते टाचण्यांआडून म्हणाले.

आवाज हुबेहूब! तिनं कात्री धरलेल्या हाताचं मनगट धरलं. ऊब लागली, नाडी लागली. काही म्हणता काही निसटलं नव्हतं. त्या आनंदानंच जाग आली.

दुपार कलली होती. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"आई, बाबा भेटले! जसेच्या तसे." ती सांगत सुटली. "आणि कात्री अशी चालत होती," म्हणत तिनं हवेत कापून दाखवलं.

"कशी?"

"अशी. याच हातानं."

"अगं, हा उजवा हात!" आईला हसू फुटलं. "उजव्या हातानं चहा ढवळला असता तर निम्मा बशीत आला असता. डावखुरा माणूस तो. विसरलीस?"



"तू चुकतेयस," म्हणत तिनं खण उघडला, बाबांची कात्री उजव्या हातात घेतली आणि एक चिंधी पात्यांत धरून दाबली. चिंधी नुसती दुमडली. अंगठ्याला कडी रुतली. तिनं पुन्हा दाबली, आणखी जोरानं. पुन्हा दुमडली.

आई दारात येऊन उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

"हात बदल, ढमे. डावखुऱ्यांची कात्री आहे ती."

तिला हात बदलवेना. मनगटाची ऊब अजून तळव्यात होती. ते मनगट कुणाचं होतं, हे तिला सांगता येईना.