धारेचं कुंकू

खंडोजीरावांच्या घरात एक तलवार आहे. म्हैसूरच्या राजाच्या फौजेत त्यांचे कोणी पूर्वज होते, त्यांची. वर्षभर ती कपाटावर फडक्यात गुंडाळलेली असते आणि खंडेनवमीला खाली उतरते. बाकीचे लोक हत्याराच्या मुठीला कुंकू लावतात, यांच्या घरात धारेला लावतात. काम धार करते, मूठ नुसती धरायला, असं खंडोजीराव सांगतात. त्यांचे वडीलही असंच सांगत.

त्यांची सून वनजा म्हैसुरातल्याच मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथं सीलं बनतात. विजेच्या गाडीच्या मोटरचा शाफ्ट इतका जोरात फिरतो, की बघणाऱ्याला तो थांबल्यासारखाच वाटतो. त्याच्या एका अंगाला गिअरचं तेल, दुसऱ्या अंगाला तांब्याच्या तारा. तेल तिकडे शिरलं की मोटर गेली. मधे राखणीला बांगडीएवढं एक सील. त्याच्या आतल्या पातळ काळ्या कडेला लिप म्हणतात, आणि ती शाफ्टला जेमतेम टेकलेली असते. जुनी रबरी सीलं ग्रीस चोपडून बसवत. हे नव्या तऱ्हेचं सील कोरडंच बसवायचं, लिपला बोटही लागू द्यायचं नाही.

असं एक सील वनजानं स्वतः आखलं होतं. त्याची चाचणी अर्ध्यावर आली होती. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे शेषगिरी दसऱ्यानंतर बघायला येणार होते. चाचणी वेळेत पुरी झाली आणि तेल गळलं नाही, तर कंपनीच्या पहिल्याच गाड्यांत वनजाचं सील जाणार होतं. नाहीतर परदेशातून येणारं होतंच.

आयुधपूजेला कारखान्याचं फाटक घरच्या माणसांसाठी उघडतं. यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून उभी होती, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलेला होता. एका टेबलावर सगळ्यांची हत्यारं पूजेला मांडली होती. मधल्या तपासणीसाठी काढलेलं आपलं सील वनजानंही त्यांतच ठेवलं. खंडोजीराव वाकून बघायला लागले.

"हे काय, बांगडी?"

"सील, मामंजी. याच्यापायीच तर रोज उशिरा येते मी."

"अस्सं! मग ह्याची धार कुठली?"

वनजाला हसू आलं. तिनं न टेकवता करंगळीनं दाखवलं. "ही आतली कड. सगळं काम हिचंच."

"मग तसं सांग की."

तेवढ्यात प्रसादाला हाक आली, म्हणून ती पानं मांडायला गेली.

सुट्टी संपल्यावर तिनं सील उचललं. बाहेरच्या पत्र्यावर पुजाऱ्यानं लावलेला ठिपका होता, तो पुसला. आतल्या कडेला कोणी हात लावेल हे तिच्या मनातही आलं नाही. सील बसवलं, खाली नेहमीसारखा पांढरा कागद पसरला आणि शाफ्ट सुरू केला. शेषगिरी आले होते. वनजाचा वरिष्ठ कार्तिकेय त्यांना कौतुकानं सगळं समजावून सांगत होता. त्याचं बोलणं संपायच्या आत कागदावर तेलाचा डाग पडला.

शाफ्ट थांबवून सील काढलं. लिपवर केसासारखा ओरखडा होता, आणि ओरखड्यात तांबूस काहीतरी.

"गंज," कार्तिकेय म्हणाला.

शेषगिरींनी चष्मा वर केला. "सुट्टीत बंद होता ना शाफ्ट? मग गंज धरणारच. सीलचा दोष नाही, मॅडम. शाफ्ट बदला, दुसरं सील घाला आणि थांबलात तिथून पुढे चला. मी तसं लिहितो."

कार्तिकेयनं सुटकेचा श्वास टाकला. वनजानं तो तांबूस कण पांढऱ्या कागदावर घेऊन घासला. लालभडक रेघ उमटली. गंज असा उमटत नाही. सकाळी आरशापुढे तिनं तोच रंग कपाळाला लावला होता. तिच्याखेरीज कोणाला तो ओळखू आला नव्हता.

फोन करायला ती बाहेर गेली नाही. हातात मोजे होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला.

"मामंजी, पूजेदिवशी सीलला कुंकू लावलंत?"

"लावलं की! तू दाखवलीस तिथंच, धारेला."

"थोडंसंच ना?"

"थोडं कशाला? आत बोट फिरवून नीट लावलं. तुमचा तो पुजारी सुम्ने, उगाच आपलं पत्र्याला टेकवून मोकळा, त्याला काय कळतंय! फिरतंय ना पण चांगलं?"

"घरी आल्यावर सांगते."

शेषगिरींना मराठी येत नव्हती, पण एक शब्द त्यांना पुरला. "कुंकुम? अय्यो, मॅडम! मी गंज लिहितच होतो. गप्प बसायचं होतं."

"हा शाफ्ट आमच्या जुन्या कारागिरानं, दामोदररावांनी घासलाय, सर. त्यांच्या शाफ्टला गंज धरत नाही."

कार्तिकेय खिडकीकडे बघत राहिला. शेषगिरींनी पेनाचं टोपण लावलं. "मग ही घाण सीलबरोबर आत गेली. म्हणजे चूक तुमच्या हाताळणीची, चाचणी पहिल्यापासून. आमच्या पहिल्या गाड्या तोवर थांबायच्या नाहीत."

"माहीत आहे," वनजा म्हणाली.

संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. खंडोजीराव म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या बांगडीची पूजा करायचीच नाही?"

"करायची. लांबून."

"धारेला न लावता..." एवढं म्हणून ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी आरशापुढे वनजानं करंडा उघडला आणि पुन्हा मिटला. कोरडं कुंकू कपाळावरून झडतं. तिनं शेजारणीकडून चिकटायची टिकली मागून आणली आणि ती लावून गेली. खंडोजीरावांनी ती टिकली पाहिली.

पहिल्या गाड्या परदेशी सील घालून निघाल्या. वनजाची चाचणी हिवाळा सरता सरता पुरी झाली आणि कागद शेवटपर्यंत पांढरा राहिला. तिचं सील आता पुढच्या गाड्यांत बसतं. कारखान्यात गोड वाटलं गेलं, त्यातलं थोडं ती घरी घेऊन आली. खंडोजीरावांनी ते खाल्लं आणि छान झालंय म्हणाले.

त्या रात्री आरशाखाली टिकल्यांचं नवं पाकीट होतं. ते आणलेलं कोणी कबूल केलं नाही. टिकल्या रुपयाएवढ्या मोठ्या आणि भडक लाल होत्या, वनजानं स्वतः कधी निवडल्या नसत्या अशा. दुसऱ्या दिवशी त्यांतलीच एक लावून ती मेटगळ्ळीला गेली.