मी गवताचे यंत्र, मोठ्याने बोलते आहे

छपराखाली दोरी पुन्हा एकदा सरसरत माझ्या पोटात परत गेली. धन्यकुमार आपल्या तळहाताकडे पाहत उभे होते. तिथे दोरीच्या मुठीचा लाल वळ उमटला होता. लालासाहेब मिशीचे टोक चावत होते. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ती शिवांजली माझ्याकडे न पाहता, घरामागच्या पट्टीत गुडघाभर वाढलेल्या गवताकडे पाहत होती.

मित्रांनो, त्या अवघड प्रसंगाला कारण मीच होते. मी गवत कापणारे एक जुने यंत्र आहे, आणि त्या दुपारी मी काही केल्या चालू होत नव्हते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो ओल्या हिरव्या रंगाचा वास आणि नंतर खोक्यातला लांबलचक काळोख. डोळे उघडले ते कराडला, नदीकाठच्या एका अतिथिगृहाच्या हिरवळीवर. सकाळी संगमावरून वारा येई आणि गवत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळे. नाथाजी माळी रोज संध्याकाळी मला फडक्याने पुसताना असा बोलत राही, की जणू मी त्याची दुभती म्हैसच होते. पाहुणेही माझी स्तुती करत. ती मात्र एवढ्यासाठीच, की माझ्या आवाजाने कुणाची दुपारची झोप मोडत नसे. पुढे बसून चालवायचे नवे यंत्र आले. माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत झाली, आणि दाराखालची उजेडाची एक बारीक रेघ, एवढाच माझा दिवस उरला.

त्या खोलीतून मला बाहेर काढले धन्यकुमारांनी. ते कवठे महांकाळकडच्या एका खेड्यातले बेदाण्याचे व्यापारी. उन्हाळ्यात कामासाठी कराडला आले होते, तिथे त्यांनी मला पाहिले, दोरी ओढली, आणि मी पहिल्याच झटक्यात हुंकार दिला. ते इतके हरखले, की टेम्पोत मला बेदाण्याच्या रिकाम्या पेट्यांत न ठेवता स्वतःच्या पायांशी ठेवून आणले.

त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई. घरामागची पडीक पट्टी त्यांनी गावातल्या मुलींना धावण्यासाठी मोकळी करून दिली होती, आणि तिच्यासाठीच मला आणले होते. पण पावसाळा लागला, गवत वाढत गेले. मग भाद्रपदातले जैनांचे पर्व आले. पर्वाच्या दिवसांत या घरी हिरव्याला विळा लागत नाही. मी छपराखाली उभ्याउभ्या वाट पाहत राहिले. त्यातच एके सकाळी गवतात घोणस दिसली आणि आयांनी आपापल्या मुलींना घरात ओढून घेतले. शिवांजली म्हणजे शेजारच्या लालासाहेबांची नात. तिची पोलीस भरतीची मैदानी परीक्षा पंधरवड्यावर आली होती. रस्त्यावर धावावे तर डंपर. कुणाला विळा घेऊन बोलवावे तर सगळी माणसे द्राक्षाच्या छाटणीवर. पर्व संपल्यावर सगळ्यांची भिस्त माझ्यावर होती, आणि मी गप्प होते.

"प्लगच गेलाय," शेवटी लालासाहेबांनी निदान केले. ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही बिघाडावर त्यांच्यापाशी ठाम मत असे.

"मगाशी पेट्रोल शिळं हाय म्हणालास. ते बदललं. आता प्लग व्हय?" धन्यकुमार म्हणाले.

"खोल तर खरं, गड्या. पल्टणीत मी बर्फातनं ट्रक चालू केल्यात."

"ट्रक चालू केलास का ढकललास?"

"तवा चालू केला म्हंजे काय? ढकलूनच केला!"

शिवांजलीला हसू फुटले, पण ते ओठांपर्यंत येऊन विरले.

त्यांनी प्लग काढून माझ्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली. टपोरी निळी ठिणगी पडली. "प्लग तर तुझ्यापरास तरतरीत हाय, सुभेदार," धन्यकुमार पुटपुटले. मग हवेची जाळी काढून झटकली. पुन्हा दोरी. पुन्हा काही नाही.

"फसवलं मला कराडवाल्यांनी," धन्यकुमार म्हणाले, आणि ते वाक्य मला पात्याच्या मुळापर्यंत लागले.

मला ओरडून सांगायचे होते, की पेट्रोल पोचते आहे, ठिणगी पडते आहे, वाराही आत येतो आहे. पण मित्रांनो, श्वास नुसता घेऊन भागत नाही. तो सोडावाही लागतो. माझा श्वास छातीशी अडून बसला होता, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याने अडलेल्या श्वासाची तक्रार कोणत्या शब्दांत करावी?

तेवढ्यात शिवांजली माझ्याजवळ उकिडवी बसली. मला वाटले, आता ही रडणार. ती रडली नाही. ती एका माशीकडे टक लावून पाहू लागली. बारीक कमरेची ती माशी चिखलाची गोळी तोंडात धरून आली, सर्वांच्या हातांमधून वाट काढत थेट माझ्या सायलेन्सरच्या तोंडापाशी उतरली आणि कडेला थापटी देऊ लागली.

"आबा, आवं हिकडं बघा! कुंभारीण! हिनं भोकात घर बांधलंय."

सगळे वाकले. माझ्या धुराच्या वाटेत मातीच्या कोठड्या उभ्या होत्या, ओल्या आणि सुबक. मी वाट पाहत असताना माझ्या आत कुणी संसार मांडत होते.

"एवढंच व्हय!" लालासाहेबांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "दोन मिनिटांचं काम."

बाजूला उभ्या असलेल्या त्रिशलाबाईंचा तळहात त्याच्या आड आला. "आत पिल्लं असतील, भावजी."

"वहिनी, तुमचं पर्व संपलं की!"

"पर्व संपलं म्हंजे जीव मारायची मोकळीक मिळाली का?"

"आवं, ती सोता कोळी धरून आत कोंबती. तिला जाऊन सांगा की अहिंसा!"

"तिचं तिच्यापाशी. आपलं आपल्यापाशी."

"आणि ह्या पोरीचं?"

 त्रिशलाबाईंनी शिवांजलीकडे पाहिले. त्यांचा तळहात मात्र तिथेच होता. या मुलीला पहाटे हाका मारून पट्टीवर आणणाऱ्या त्याच होत्या. तिची धाव त्यांना स्वतःच्या धावेसारखी होती. त्यांचा जीव दोन्हीकडे अडकला होता.

शिवांजलीने खाली पडलेला पान्हा उचलला. "काकू, घर फोडायचं न्हाई ना? मग घरासकट उचलू. सायलेन्सरच काढायचा."

"वेडी का काय? बिनसायलेन्सरचं लय बोंबलंल ते," धन्यकुमार म्हणाले.

"बोंबलू दे की, काका."

गंजलेल्या नटांवर गोडेतेल सोडले गेले. लालासाहेबांनी कुरकुरत, पण जपून, पान्हा फिरवला. त्रिशलाबाईंनी सायलेन्सर दोन्ही हातांनी, नवजात बाळ उचलावे तसा उचलला. मला बाजूला सारून त्यांनी माझ्याच जागी विटांची चवड रचली, माझ्याइतकी उंच, आणि तोंड त्याच दिशेला करून तो तिच्यावर ठेवला. "परत आली तर दार जागेवर सापडाय पायजे," त्या म्हणाल्या. कुंभारीण दोन घिरट्या घालून आत शिरली तेव्हा धन्यकुमारांनी नकळत सुस्कारा सोडला.

मग त्यांनी मला पट्टीच्या कडेला नेऊन दोरी ओढली.

मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन कसे करू? इतकी वर्षे सायलेन्सरने दाबून ठेवलेला आवाज माझ्या छातीतून एकदम बाहेर पडला. मी गरजले. शेवग्यावरचे कावळे उडाले, गोठ्यातल्या म्हशीने दावे ताणले, लालासाहेबांनी कानांत बोटे घातली आणि "शाब्बास, तोफखाना!" म्हणून ओरडले. जमीन थरथरू लागली तसे माझ्या पुढे गवत जागे झाले; नाकतोडे, बेडूक, पाली, सगळे बांधाकडे पळत सुटले, आणि त्रिशलाबाई टाळ्या वाजवत त्यांना वाट दाखवत चालल्या. धन्यकुमार हसत काहीतरी सांगत होते. मला ऐकू येत नव्हते, त्यांनाही येत नसावे. कापल्या गवताचा हिरवा, ओला वास हवेत उभा राहिला. हळूहळू गावच बांधावर जमले. आयासुद्धा आल्या, पदर कानांवर धरून पाहत राहिल्या आणि एकमेकींना कोपराने ढोसत हसू लागल्या.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे आहे. एखादे यंत्र गप्प झाले, तर त्याला लाथ घालण्यापूर्वी, ज्याने दिले त्याला दोष देण्यापूर्वी, त्याच्यापाशी थोडे उकिडवे बसा. त्याचा श्वास कुठे अडला आहे ते पाहा. आणि तिथे कुणी राहत असेल, तर त्याचे घर न मोडता वाट कशी काढता येईल, याचाही विचार करा. आम्हा यंत्रांना तेलपाणी लागते हे खरे. पण त्याआधी लागते ती तुमची नजर.

मी थांबले तेव्हा उन्हे उतरली होती. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी पडली होती, आणि शेवटच्या नाकतोड्यासाठी राखलेला एक झुबका कोपऱ्यात डुलत होता.

"पोरी, च्या टाकलाय," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आता सकाळीच ये पळायला. व्हय ना गं?"

शिवांजलीने चपला माझ्या चाकापाशी काढून ठेवल्या, वेणी घट्ट केली आणि चहाकडे न वळता पट्टीच्या त्या टोकाकडे चालू लागली.