पाटीखालची दहा मिनिटं

परीक्षेच्या सकाळी पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यात नवल ते काय! पण बबडीला भीती परीक्षेची नव्हती. भीती होती ती समोर बसून आग्रहाने दुसरं अंडं वाढणाऱ्या मावशीची.

बबडी म्हणजे आपल्या इकडून परक्या देशात सहा महिने इतिहास शिकायला गेलेली पोर. आणि मावशी म्हणजे तिची तिथली घरमालकीण. पंचाहत्तरीची, काटक, बोलायला फटकळ. वयाने मोठी बाई दिसली की मावशी म्हणून मोकळं व्हायचं, ही बबडीची घरची सवय, आणि म्हातारीनेही ती हाक मुकाट्याने स्वीकारली होती.

"खा गं. मेलेल्या माणसांविषयी उपाशीपोटी बोलू नये," मावशी म्हणाली.

बबडीने मान खाली घातली. पायाशी पिशवी होती, पिशवीत निळी फाइल, आणि फाइलमध्ये तो कागद.

आता त्या विद्यापीठाची तऱ्हाच न्यारी. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने एक चिठ्ठी उचलायची, आणि चिठ्ठीत निघेल त्या जागेसमोर भर रस्त्यात उभं राहून दहा मिनिटं तिचा इतिहास सांगायचा. तोही तिथल्याच लोकांना, त्यांच्याच भाषेत. लोक हवं ते विचारणार. मागे घड्याळ धरून मास्तर उभे. नियम एकच, पण जहाल: दफ्तरखान्यातून ज्या कागदाची नक्कल घेतली, तो गाळायचा नाही. नकलांची यादी मास्तरांच्या खिशात असते. कागद गाळला की नापास. म्हणजे तिथले सहा महिने पाण्यात आणि घरच्या कॉलेजात वर्ष वाया.

बबडीच्या चिठ्ठीत निघाली कोपऱ्यावरची बेकरी. मावशीच्या वडिलांची! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणत पोर उड्या मारत घरी आली होती. बेकरीच्या भिंतीवर पितळेची पाटी आहे: लष्कराने शहर ताब्यात घेतलं त्या वर्षी या भट्टीने गल्ली जगवली. खोटं नाही ते. गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून त्या पावाच्या आठवणी काढतात.

आणि मग दफ्तरखान्यात ते पत्र हाती लागलं. आठ ओळींचं. बेकरीवाल्याने लष्करी ठाण्याला कळवलं होतं की समोरच्या घरातल्या शिक्षकाने लष्कर शोधत असलेली तीन पोरं माळ्यावर लपवली आहेत. खबर दिली आहे, तरी भट्टी बंद करू नये. खाली वेडीवाकडी सही. शिक्षक आणि ती तीन पोरं, चौघंही त्याच आठवड्यात उचलली गेली आणि परत आली नाहीत. भट्टी चालू राहिली.

पत्रात एका अक्षराला लांब आकडा काढलेला होता. तस्साच आकडा मावशी 'दूध संपलंय' अशी चिठ्ठी फ्रिजवर लावते तेव्हा काढते. बापाचं वळण लेकीत उतरलंय, असं बबडीच्या मनात आलं.

बरं, गोष्ट इथेच संपती तर! त्या शिक्षकाची मुलगी अजून समोरच्याच घरात राहते. सगळी गल्ली तिला शिंपीणबाई म्हणते. ती आणि मावशी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. रोज चार वाजता दोघींचा चहा ठरलेला.

बबडीने आईला फोन केला. आई म्हणाली, "बबडे, सहा महिने ज्या घरचं मीठ खाल्लंस, त्या घराला बट्टा लावू नकोस. नापास झालीस तर झालीस. मिठाला जागावं माणसानं."

आईचं बोलणं खोटं कसं म्हणायचं? सर्दी झाली तेव्हा याच म्हातारीने रात्रभर गरम पाण्याची पिशवी बदलली होती. भाषणाची तालीमही तिनेच घेतली होती. 'समोर एक शिक्षक राहत' एवढ्या एका वाक्यात त्या शिक्षकाचं नाव यायचं, आणि बबडीकडून नेमकं तेच चुकायचं. मावशीने ते वीस-वीस वेळा घोकून घेतलं. "पुन्हा म्हण. माणसाचं नाव चुकवू नये," म्हणायची.

दहाच्या ठोक्याला बबडी पाटीखाली उभी राहिली. समोर पंधरा-वीस माणसं. पुढे मावशी, आणि तिच्या शेजारी घरून घडीची खुर्ची घेऊन आलेली शिंपीणबाई. मागे मास्तर.

बबडी बोलत गेली. भट्टी, पहाटेच्या रांगा, पिठात मिसळलेला कोंडा. लोक माना डोलावत होते. शिक्षकाचं नाव आलं आणि गेलं. सातव्या मिनिटाला हात पिशवीकडे वळला आणि तिथेच थिजला. मावशी टक लावून बघत होती. बबडीने हात मागे घेतला.

"एवढंच," ती म्हणाली.

मास्तरांनी खिशातली यादी काढली, बघितली आणि पेनाचं टोपण उघडलं. झालं! मिठाला जागली पोर.

"मला विचारायचंय," मावशी पुढे झाली. "निळ्या फाइलमधला कागद का गाळलास?"

बबडीच्या पायाखालची जमीनच सरकली. "मावशी, तुम्ही…"

"तुझ्याआधी दोघींना ही बेकरी निघाली होती, आणि हाच कागद सापडला होता. दोघींनी माझ्या हातचं खाल्लं आणि दोघी गप्प बसल्या. नापास होऊन गेल्या बिचाऱ्या, आणि मी त्यांना डबा बांधून निरोप दिला. लाज नाही वाटली मला. आता वाटते."

"कसला कागद?" शिंपीणबाईने विचारलं.

मावशी तिच्याकडे वळली. तो फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "तुझ्या बाबांची खबर देणारं पत्र. माझ्या बाबांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. अकरा वर्षांची होते. त्या अक्षराचा आकडा तुझ्या बाबांनीच शिकवला होता मला, शाळेत, हाताला धरून. रोज चार वाजता चहा ओतते आणि तोंड उघडत नाही माझं."

शिंपीणबाई उठली. खुर्चीची घडी केली, ती काखेत मारली आणि रस्ता ओलांडून आपल्या दाराशी गेली. कडीला हात घातला. दार मात्र उघडलं नाही. सगळ्यांकडे पाठ करून तशीच उभी राहिली.

"दोन मिनिटं उरलीत," मास्तर म्हणाले.

"वाच," मावशी म्हणाली. "मोठ्यांदा वाच. तिला ऐकू गेलं पाहिजे."

बबडीने कागद काढला. ती त्या पाठमोऱ्या बाईकडे तोंड करून वाचू लागली. पहिल्या ओळीत ठाण्याचा पत्ता होता. दुसऱ्या ओळीत शिक्षकाचं नाव होतं, आणि ते तिने अजिबात न चुकता घेतलं.