अॅल्युमिनियमची मान

खर्ज्या सकाळी आपली बेस गिटार विकायला निघाला तेव्हा अगदी शांत होता. दुपारी तीच गिटार पाठीला लावून बहिणीच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

झालं होतं एवढंच. जुन्या वाद्यांच्या दुकानातली बाई पिकल्या केसांची, एके काळी स्वतः हॉटेलांच्या बँडमध्ये बेस वाजवणारी. तिनं पिशवीची चेन उघडली आणि “अगं बाई, अॅल्युमिनियमची मान!” म्हणत गिटार मांडीवर घेतली. पण तारा लगेच जुळवल्या नाहीत. ती धातूची लांब मान दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसली.

“काय करताय?” खर्ज्यानं विचारलं.

“ऊब देतेय. थंडगार असताना जुळवली तर स्टेजच्या दिव्यांखाली तापते आणि सूर चढतो. पंख्याखाली ठेवली की पुन्हा उतरतो. आमच्यातला एक जण तर कार्यक्रमाआधी हिला शाल गुंडाळून बसायचा. तुम्ही वाजवलीये ना? मग तुम्हाला काय सांगायचं!”

खर्ज्याला कुणीच सांगितलं नव्हतं. लाकडाची मान वाकते, धातूची जन्मात हलत नाही, असं ऐकून त्यानं हौसेनं ही घेतली होती. ती आल्यापासूनच त्याचे ग्रह फिरले. पहिलं गाणं ठीक, तिसऱ्यात सूर चढलेला, मध्यंतरानंतर उतरलेला. त्यानं तारा बदलल्या, खुंट्या बदलल्या, शेवटी कान तपासून घेतले. एकदा भीत भीत म्हणाला, गिटारमध्येच काहीतरी आहे. त्यावर ऑर्गनवाला सगळ्यांसमोर हसला, “नाचता येईना अंगण वाकडं!” बँडभर खसखस पिकली. हा ऑर्गनवाला म्हणजे त्याचा आजचा मेहुणा, तेव्हाचा जिवलग दोस्त.

पुढे खर्ज्यानं बँड सोडला आणि लिफ्ट दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवली. या तीस वर्षांत त्यानं साधी शीळसुद्धा घातली नाही. बायको म्हणायची, अहो, न्हाणीघरात तरी गुणगुणा. पण ज्याला सूर कळत नाही त्यानं तोंड उघडू नये, ही गोष्ट त्यानं मनाशी पक्की केली होती. आणि अंगण खरंच वाकडं होतं!

मेहुणा जेवायला बसला होता. बहीण वाढत होती.

“अरे खर्ज्या! ये, ये. ताट घे गं याला.”

“ताट नको.” खर्ज्यानं गिटार थेट जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. पाण्याचा पेला कलंडला. “हिची मान तापली की सूर चढतो. तुला माहीत होतं?”

मेहुण्यानं घास गिळला. खोटं बोलायला माणसाला क्षणभर तयारी लागते, ती त्याला मिळाली नाही.

“त्या साउंडवाल्यानं काहीतरी सांगितलं होतं खरं...”

“कधी?”

“तेव्हाच. अरे, पण जुनी गोष्ट आहे. आता काय मढी उकरायची?”

“मढं माझं आहे!” खर्ज्या ओरडला. “तुला कळलं, आणि तू गप्प बसलास? माझ्या जागी तुझा धाकटा भाऊ आला, म्हणून?”

“त्याला काम नव्हतं रे. घरी आई रोज रडायची. आणि तू चांगला शिकलेला, तुला काय, कुठेही...”

“आणि बँड सोड म्हणून सांगायलाही तू आला नाहीस. चिमीला पाठवलंस!”

हे बोलताना खर्ज्याचा आवाज फाटला. कारण मेहुणा आला असता तर तो भांडला असता, गिटार त्याच्या डोक्यात घातली असती. पण चिमी आली. सख्खी धाकटी बहीण, प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणारी. ती जिन्यात त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “दादा, तुझ्या कानातच सूर नाही रे. सोडून दे.” चिमी म्हणाली म्हणजे खरंच असणार. त्यानं दुसऱ्याच दिवशी गिटार पलंगाखाली ढकलली.

चिमी आता सांडलेलं पाणी पुसत होती. पुसून झालं तरी फडकं फिरतच होतं.

“तुला माहीत होतं?” त्यानं तिला विचारलं.

“गिटारचं नव्हतं माहीत. आईशप्पथ, दादा.”

“मग तुला स्वतःला मी बेसूर वाटायचो?”

तिनं कलंडलेला पेला उचलून सरळ ठेवला.

“चिमे, तू पहिल्या रांगेत असायचीस. तुझ्या कानांना काय ऐकू यायचं ते सांग.”

“कधीमधी हलायचा सूर. पण तू लगेच सावरायचास.” ती हळूच म्हणाली. “मला आवडायचं तुझं वाजवणं. सगळ्यात जास्त आवडायचं.”

खर्ज्याला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. उलट डोक्यात तिडीक गेली. मेहुण्याचा राग सोपा होता, हा नव्हता. त्यानं टेबलावर मूठ आपटली, तशा चारही तारा झणझणल्या.

“याचं मी समजू शकतो. याला भावाची सोय लावायची होती. पण तू का बोललीस? तुला काय मिळणार होतं?”

“अरे, तिला कशाला मध्ये...” मेहुणा उठू लागला.

“तुम्ही बसा,” चिमी म्हणाली. नवऱ्याशी या आवाजात बोलताना खर्ज्यानं तिला कधी ऐकलं नव्हतं. तिनं फडकं खाली ठेवलं आणि भावाकडे सरळ पाहिलं.

“तेव्हा आमच्या लग्नाची बोलणी चालली होती, दादा. यांनी अजून होकार दिला नव्हता.”