गालातली गोळी

जाळ्याला शिशाच्या गोळ्या लावताना श्रावणचे दोन्ही हात दोरीत गुंतलेले असायचे, म्हणून गोळ्या तो गालात ठेवायचा. तळ्याकाठच्या त्या गावात मासेमारी करणाऱ्या सगळ्या ढिवरांची हीच रीत. चिरलेली गोळी जिभेने पुढे आणायची, दोरीवर बसवायची आणि दातांनी चावून घट्ट करायची. पक्कड कशाला हवी, देवाने तोंड दिलंय ना! जुनी बॅटरी फोडून अंगणातल्या चुलीवर शिसं वितळवायचं, हेही घरचंच काम. बाप करायचा म्हणून श्रावण करायचा. यात काही वावगं असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आणि बाप करतो म्हणून दिव्यानी करायची. पाच वर्षांची पोर, बापाची नुसती सावली. स्वतःच्या गालात गोळ्या कोंबून ती त्याच्या मांडीला टेकून बसायची आणि त्याच्या संपल्या की ओली, कोमट गोळी तळहातावर काढून द्यायची. "घे बाबा, माही घे." त्या कोमट गोळीचं श्रावणला भारी कौतुक. मासे निवडताना ही टिचभर पोर एकेकाचं नाव घ्यायची, मरळ, शिंगटा, वाम, आणि हा गडी तळ्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते ऐकवायचा. लोक कंटाळले, हा काही कंटाळला नाही.

मग तिचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं, चेहरा पिवळा पडला. जंताचं औषध देऊन झालं, दृष्ट काढून झाली. एका सकाळी मरळ हातात घेऊन ती नुसती बघत बसली. नाव आठवेना. तिची आई रीता तिथल्या तिथे उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि गडचिरोलीची एसटी गाठली. श्रावण अर्धं जाळं तसंच टाकून मागे धावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काय काम करता?"

उत्तर द्यायचं म्हणून श्रावणने आधी गालातली गोळी हातावर काढली. सगळा रस्ता ती तशीच आली होती, त्याच्या ध्यानातही नव्हतं. बाई त्या गोळीकडे बघतच राहिल्या.

"हे शिसं आहे? मुलगीपण तोंडात घालते?"

श्रावणची मान खाली गेली. रीता म्हणाली, "बापाचं पाहून."

रक्त तपासायला नागपूरला गेलं आणि अंगात शिसं असल्याची खात्री झाली. बाईंनी औषध सुरू केलं, पण बजावलं, "अंगातलं मी काढीन, घरातलं तुम्ही काढा. नाहीतर माझं औषध वाया. वितळवल्याचा धूर, राख, अंगणातली माती, तुमचे कपडे, हात, सगळ्यातून ते तिच्या पोटात जातं."

"पोरगी विसरली ते परत येईन का, बाई?" श्रावणने विचारलं.

"शिकवत राहा. सगळं येईलच असं मी म्हणणार नाही."

रीता पोरीला घेऊन परस्पर माहेरी गेली, वैनगंगेपलीकडे. "घर साफ होईस्तोवर मी येत नाई," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

श्रावणने चूल मोडली. भोवतालची माती ओली करून खणली आणि तळं, विहीर लांब ठेवून खोल पुरली. गोळ्या, साचे, कढई, सगळं डब्यात बंद करून आरोग्यसेविकेच्या स्वाधीन केलं. घर ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं. आणि रोज संध्याकाळी गोळ्या काढलेलं जाळं घेऊन ओट्यावर बसला की त्याचा डावा हात आपोआप बाजूला व्हायचा, तळवा वर करून. कुणी काही ठेवायचं नाही. मग तो हात मागे घ्यायचा. पोरीवाचून घर खायला उठतं म्हणतात, ते त्याला आता कळत होतं. फोनवर तो तिला माशांची नावं सांगायचा. पलीकडून तिचा श्वास ऐकू यायचा, तोही त्याला पुरायचा.

पण वजनाशिवाय जाळं पाण्यावर पसरून नुसतं तरंगायचं. शेजारचा म्हातारा डोमा, याच्या अंगणाला लागूनच शिसं वितळवणारा, पोट धरून हसला. "श्रावण, मासे पकडून राह्यला का कपडे धुऊन राह्यला?"

"डोमाभाऊ, तुमच्या नातवाले बी पोटात दुखते ना? जेवत नाई ना थो?"

डोमाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने काठावरच्या आपल्या अंगणातल्या चुलीकडे पाहिलं, मग तिच्यापाशी बसलेल्या नातवाकडे. म्हणाला, "माहा बाप मातीचे मणी भाजे. जड होत नाई शिशाइतके, पण बुडते जाळं. चाल, दाखवतो."

तळ्याची चिकण माती मळून, भोकं पाडून, शेणाच्या गोवऱ्यांत दोघांनी मणी भाजले. आधीचे फुटले, नंतरचे टिकले. डोमाने आपली चूल स्वतः मोडली आणि नातवाला तपासायला नेलं. शेजारचा धूरही थांबला, त्या दिवशी श्रावणने रीताला या म्हणून फोन केला.

ती आली. दिव्यानी फाटकातच थबकली. श्रावण ओट्यावर मणी ओवत होता, त्याला उठवेनाच. ती हळूहळू जवळ आली आणि त्याच्यासमोर उभी राहून तिने मोठ्ठा आ केला. एक गाल बोटाने ओढून दाखवला, मग दुसरा.

"पाह्य बाबा, काईच नाई."

दवाखान्यात शिकवलं होतं तिला. श्रावणला रडू आवरेना. त्यानेही आ केला, आपले दोन्ही गाल दाखवले. तिने आत डोकावून नीट तपासणी केली, मगच ओट्यावरचे मणी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन मांडीला टेकून बसली.

टोपलीतला मासा त्याने तिच्यासमोर धरला. "हा कोन?"

ती बघत राहिली. ओठ हलले, नाव काही आलं नाही.

"मरळ," तो म्हणाला.

"मरळ," ती म्हणाली.

त्याने डावा हात बाजूला केला. तिने ओच्यातला एक मणी उचलून त्यावर ठेवला. कोरडा होता, गार होता. त्याने तो ओवला आणि हात पुन्हा पुढे केला.