जाळ्याची गाठ

खाडीवर जन्म काढलेल्या दामाजीने शहाण्णव साली ओहोटीला होडीवरून सूर मारला, आणि पाणी निघालं गुडघाभर. मान मोडली. खांदे हलत, कोपरं वाकत. बाकीचं अंग दुसऱ्या कुणाचं तरी आणून ठेवल्यासारखं पडून असे.

वर्षाने नवंच सुरू झालं. घोरता घोरता श्वास बंद पडायचा, मग दचकून जाग. दिवसभर डोकं जड. डॉक्टर म्हणाले, मानेला मार बसलेल्यांना होतं असं, झोपेत घसा मिटतो. असंच चाललं तर हृदय थकेल. त्यांनी हवेचं मशीन दिलं. नाकावर मास्क, त्यातून घशात हवेचा जोर, आणि तोंड उघडू नये म्हणून हनुवटीखालून पट्टा.

पट्टा सारखा सैल व्हायचा. बायको सगुणा जाळी विणणाऱ्या घरातली. एका दुपारी तिने बक्कल काढून फेकलं आणि मास्क, पट्टा दोन्हीला मिळून कानाजवळ सुतळीने जाळ्याची गाठ मारली. ओढाल तितकी आवळणारी. "आता सुटते कशी बघू," म्हणाली आणि अंगणात बोंबील वाळत घालायला गेली.

दामाजीला झोप लागली आणि वीज गेली. मशीन थांबलं. मास्कमध्ये त्याचाच शिळा श्वास परत येऊ लागला. हात तोंडापर्यंत पोचे, पण बोटं मिटत नव्हती. मनगटाने ढकललं, तर गाठ आणखी बसली; पट्ट्याने तोंड उघडेना, हाक निघेना. जाळ्यातल्या मासळीला काय वाटत असेल, हे त्याला नेमकं आत्ताच सुचायचं होतं. दारातून सगुणा दिसत होती, पाठमोरी, बोंबलांवरच्या कावळ्याला शिव्या घालत.

शेजारचा रेडिओ बंद पडलाय, म्हणजे वीज गेली, हे ध्यानात आलं तेव्हा ती धावली. गाठ तिच्याही हाताने सुटेना, सुरीने कापली.

"परत लावायचं नाय," दामाजी धापा टाकत म्हणाला. "मरेन तर मोकळ्या तोंडानं मरेन."

"मरायचं तुमाला सोपं हाय," सगुणा म्हणाली. "तुमचा श्वास आयकत मी बसते, त्याचं काय? माजा डोळा लागला आन तुमी गेलं तर?"

त्याने कापलेली सुतळी मनगटाने तिच्याकडे सारली. मग म्हणाला, "होडी धक्क्याला बांधतात तशी बांध. एक टोक ओढलं की सुटणारी. टोकाला फास कर, माझ्या मनगटात घाल."

"आन झोपेत ओढलीत तर?"

"तर घाल शिव्या. कावळ्याला घालतेस तशा."

तिने बांधली. त्याने कोपर वाकवलं; मास्क गळून पडला.

"बांध," तो म्हणाला. बांधली. त्याने ओढली. "परत बांध."

"अवो, झोपायचं हाय का खेळायचं?"

"बांध गं."

वीज आली, मशीन घुरघुरलं. आता त्याने ओढली नाही. कोपर जरासं वाकवून दोरी ताठ होतेय एवढं पाहिलं, आणि डोळे मिटले.