पालथी झारी

"झारीकडे बघू नकोस, मातीत बोट घाल," असं नळवाले काका मला वाफा देतानाच म्हणाले होते. मी नुसतं हो हो केलं. पालथ्या घड्यावर पाणी.

काका म्हणजे निवृत्त प्लंबर. आमच्या तीन इमारतींच्या मधे मोडके पलंग आणि टायर टाकायची जागा होती, तिथे त्यांच्या पुढाकाराने बाग झाली. घरटी एक वाफा. माती खणायची नाही आणि उघडी ठेवायची नाही, वरून पालापाचोळ्याचं जाड पांघरूण घालायचं. पाणी घालून झालं की झारी आपापल्या खुंटीवर पालथी टांगायची. एखाद्या दिवशी जमणार नसेल तर ती वाफ्याशी उभी ठेवायची, म्हणजे शेजारच्याने समजून पाणी घालायचं. एवढं साधं.

माझ्या शेजारचा वाफा टायपिस्ट मावशींचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप करून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मी तीन पुस्तकं वाचून, वहीत आराखडा काढून मटार लावले होते, ते आजाऱ्याच्या केसांसारखे विरळ उगवले. मावशींनी बोटाने भोकं पाडून दाणे टाकले आणि त्यांचे वेल माझ्या खांद्याला लागले.

"काय घालता हो मावशी?"

"काही नाही गं. चहाचा चोथा आणि थोड्या गप्पा."

गप्पा म्हणे. मला खात्री होती, बाई काहीतरी लपवतेय.

वेलांचं एक वेळ मी सोसलं असतं. पण माझी मुलगी, चार वर्षांची. डॉक्टरांनी वजन कमी आहे सांगितल्यापासून मी दर रविवारी तिला काट्यावर उभी करते. घरी मटाराचा दाणा ताटाखाली लपवणारी ही पोर मावशींच्या वाफ्याशी उकिडवी बसून शेंगांमागून शेंगा सोलून खायची. "मावशीआजी, अजून." माझ्याकडे तिने 'अजून' कधी मागितलं नव्हतं.

"खातेय ना? मग कुणाच्या हातचं का असेना," नवरा म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला.

मग एका सोमवारी सकाळी मावशींच्या वेलांचे शेंडे मान टाकून होते. मी आधी नीट निरखून घेतलं. खरंच सुकले होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या चार काड्या त्या दिवशी पहिल्यांदा हिरव्या दिसल्या.

"मावशीआजीचा वाफा तहानलाय," मुलगी म्हणाली.

"झारी पालथी आहे ना? म्हणजे पाणी झालंय."

मंगळवारी खालची पानं पिवळी पडली. मुलीने आपला प्लास्टिकचा मग भरून आणला, तर मी तिचा हात धरला. "दुसऱ्याच्या वाफ्यात लुडबुड करायची नाही. जास्त पाण्याने मुळं कुजतात." पुस्तकातलं वाक्य होतं. झारी कालच्याच खुंटीवर, तिचं तोंड कालच्यासारखंच भिंतीकडे. मावशी टांगताना एक दिवस ते भिंतीकडे करायच्या, एक दिवस रस्त्याकडे. हेही माझ्या लक्षात आलं होतं. त्यांचं काहीच माझ्या नजरेतून सुटायचं नाही.

काका चार दिवस लेकीकडे गेले होते, ते बुधवारी आले. आल्या आल्या त्यांनी पाचोळा बाजूला करून बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं.

"कधीपासून?"

"झारी पालथी होती," मी म्हणाले.

"मी झारीचं विचारलं नाही."

काकांनी मावशींचं दार तोडलं. त्या न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या. शनिवारी संध्याकाळी बागेतून येऊन पाय धुताना घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. बादली हाताशी होती म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. त्या न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी नेमकी आमच्या वाफ्यांवर उघडते.

इस्पितळात मी मुलीला घेऊन गेले. मावशींचा आवाज बसला होता.

"तुमचं बोलणं ऐकू यायचं गं. मी हाका मारत होते, पण घशातून आवाजच निघेना. तू झारी पालथी आहे म्हणालीस ना, तेव्हा वाटलं, हुशार मुलगी आहे, आता माती बघेल." मग मुलीकडे बघून, "माती बघायची राहिली असेल. लहान मूल सांभाळायचं म्हणजे."

माझ्यासाठी सबबसुद्धा त्यांनीच शोधली. झारीतला शुक्राचार्य मी लहानपणी ऐकला होता, तो आतून कसा दिसतो ते तिथे कळलं.

"मावशीआजी, मी पाणी घालणार होते," मुलगी म्हणाली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

आता दोन्ही वाफ्यांना मी पाणी घालते. मावशींचे वेल पुन्हा फुटले, माझे अजून तसेच. परवा मुलीने त्यांची शेंग सोलून खाल्ली आणि मला पुन्हा टोचलं. हे जात नाही. पण आता टोचलं की मी मातीत बोट घालते.

तुमच्याही शेजारी कुणीतरी असेल, ज्याचं तुम्हाला बघवत नाही. तरी तुम्ही बघताच. त्याचा दिवा कधी लागतो, दोरीवरचे कपडे कधी निघतात, सगळं तुम्हाला घरच्यांच्या आधी माहीत असतं. कालचं काही आज जसंच्या तसं दिसतंय का? मग हे वाचणं बाजूला ठेवा, आणि जाऊन त्यांचं दार वाजवा.